उलट्या गालावरचा उजेड

१

मालगाडीच्या इंजिनाचा फोटो काढणं हे नवरीचा फोटो काढण्यापेक्षा अवघड काम आहे. दोन्ही कामं केलेला माणूस म्हणून सांगतो. नवरीला म्हणता येतं, बाई, जरा इकडं वळ, हनुवटी वर कर. इंजिन कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ते सत्तरच्या वेगानं येतं, आणि तुमच्या हातात दोन सेकंद असतात. त्या दोन सेकंदांसाठी तास-तास उभं राहावं लागतं.

हल्ली पोरं मोबाइल घेऊन कुठंही उभी राहतात. सूर्य समोर, इंजिन मध्ये, आणि मग माझ्या दुकानात येऊन विचारतात, काका, इंजिन काळं काहून आलं? अरे, ऊन तुझ्या पाठीमागून पाहिजे, इंजिनाच्या नाकावर पाहिजे. दुपारी बाराला काढू नये. छत पांढरंफट्ट पडतं आणि चाकं अंधारात जातात. विजेच्या खांबाची सावली इंजिनाच्या तोंडावर पडली की मेहनत पाण्यात. सकाळी स्वतःची सावली लांब पडते, तीही चौकटीत घुसते. एवढं साधं आहे, पण ऐकतो कोण?

माझी जागा ठरलेली. पांढुर्णा स्टेशन मागं टाकून नागपूरच्या दिशेला गेलं की रघुनाथरावांचा संत्र्याचा बगीचा लागतो. त्याचा उंच धुरा, म्हणजे बांध, रेल्वेच्या कुंपणाबाहेर आहे. हिवाळ्यात साडेआठ ते नऊ ऊन बरोबर माझ्या डाव्या खांद्यामागून येतं, आणि आमल्याकडून येणाऱ्या गाडीचं नाक लख्ख उजळतं.

खरं सांगायचं तर मला इंजिनांचं काही पडलेलं नव्हतं. माझी एकुलती एक मुलगी प्रज्ञा मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट झाली आणि मला हे वेड लागलं. तिचा मुक्काम आमल्याला. चार-पाच दिवसांतून एकदा तिची गाडी सकाळी इकडून जायची. ड्यूटीवर मोबाइल बंद ठेवावा लागतो, म्हणून निघण्याआधी ती मेसेज टाकायची, "पप्पा, निघून राहिली." की मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून धुऱ्यावर हजर. इंजिनाच्या पुढच्या काचेत, ड्रायव्हरच्या शेजारी, ती हात वर करायची. मी फोटो काढायचो आणि संध्याकाळी तिला पाठवायचो. त्या दोन सेकंदांवर माझे पुढचे चार दिवस निघायचे.

२

डिसेंबरातली गोष्ट. फोटो अप्रतिम आला होता. हिरवं इंजिन, पिवळा पट्टा, नाकावर एकही सावली नाही, आणि काचेत हसणारी प्रज्ञा. दुकानात संगणकावर मोठा करून बघत होतो. बघता बघता हात थांबला.

ऊन माझ्या डाव्या बाजूनं. म्हणजे तिचा उजवा गाल उजळायला हवा. उजळला होता डावा, ड्रायव्हरच्या बाजूचा. ड्रायव्हरचा चेहरा बरोबर होता, इंजिन बरोबर होतं, काचेवरचा वायपरसुद्धा बरोबर होता. एकटी प्रज्ञाच चुकली होती.

माझ्यासारख्या माणसाला अशा गोष्टीचं भय वाटत नाही, राग येतो. कारण शोधलं आणि सापडलं. ड्रायव्हरच्या अंगात पांढरा शर्ट होता. पांढऱ्या कापडावरून ऊन उसळून शेजाऱ्याच्या गालावर येतं. स्टुडिओत आम्ही थर्माकोलचं पान धरून हेच करतो.

फक्त एक गोष्ट खटकत राहिली. चेहऱ्यावर बाजूनं उजेड पडला की नाकाची सावली दुसऱ्या गालावर पडतेच. पासपोर्टच्या फोटोत ती घालवता घालवता माझी अर्धी जिंदगी गेली. प्रज्ञाच्या गालावर उजेड होता, आणि नाकाची सावली नव्हती.

पुष्पा, माझी बायको, डबा घेऊन आली होती. तिला दाखवलं.

"किती गोड आली जी माझी पोरगी," ती म्हणाली. "हसून राहिली पाहा कशी."

"उजेड पाह्य ना. इकडून कसा आला?"

"तुमाले त उजेडच दिसते. पोरगी दिसत नाई."

मी डबा उघडून जेवलो.

३

पुढच्या खेपेला ड्रायव्हरच्या अंगात निळा शर्ट होता. उजेड होताच. आधीपेक्षा थोडा पिवळा आणि थोडा खाली सरकलेला, जबड्याजवळ.

लेन्स नागपूरला दाखवून आणली. दुरुस्तीवाला म्हणाला, काही दोष नाही, तुमचे डोळे तपासा. डोळेही तपासले. मग दुसऱ्या असिस्टंटचे फोटो काढले. विनोद म्हणून एक पोरगा आहे, प्रज्ञाच्याच बरोबरीचा. त्याचे पाच काढले. पाचही फोटोंत ऊन जिथं पडायला हवं तिथंच पडलेलं, नाकाची सावली जागच्या जागी. त्या पोराचा मला राग आला. त्याच्या चेहऱ्यावर सगळं नीट का असावं?

रघुनाथराव बगीच्यात संत्र्याची तोड चालू असली की धुऱ्यावर येऊन बसायचे. माझं तोंड पाहून त्यांनी खोदून खोदून विचारलं. शेवटी मी सांगितलं.

ते हसले नाहीत. बराच वेळ हातातलं संत्रं सोलत राहिले. मग म्हणाले, "तुळशीरामभाऊ, तुमी मानत नाई हे मले मालूम आहे. पण एक डाव पोरीले जामसांवलीच्या देवळात घेऊन जा. मी येतो संगं."

"आमच्याकडं ते चालत नाई, रघुनाथराव."

"चालत नाई, पण पोरगी त आपली हाय ना?"

बाबासाहेबांच्या पुस्तकांवर वाढलेला माणूस मी. दहा गावांत अंगारे-धुपाऱ्यांची टिंगल केलेली. पण लिहायला लाज नाही, त्या दिवशी त्यांनी अजून एकदा आग्रह केला असता तर मी हो म्हणालो असतो.

प्रज्ञा दोन दिवसांच्या सुटीवर घरी आली. मी तिला अंगणात उभं केलं, खिडकीशी बसवलं, दिव्याखाली बसवलं. वीस-बावीस फोटो काढले. सगळे ठीक. म्हणजे जे काही होतं ते इंजिनातच होतं.

"नोकरी सोडून देतं का?" मी तिला जेवताना विचारलं.

ती हसायलाच लागली. "काहून पप्पा? तीन साल अभ्यास केला तवा लागली. वस्तीतल्या साऱ्या पोरी मले पाहून फॉर्म भरून राहिल्या."

"मग सुट्टी टाक. महिनाभर."

"कोण देते एवढी सुट्टी? तुमी कायचं टेंशन घेऊन राहिले, ते त सांगा."

काय सांगणार? तुझ्या गालावर चुकीच्या बाजूनं उजेड पडतो, म्हणून घरी बस? मी म्हणालो, असंच. तिनं माझ्या ताटात अजून एक भाकर टाकली.

४

पुढच्या प्रत्येक फोटोत उजेड होताच. मग जानेवारीतला एक फोटो. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शटर खाली ओढून बसलो आणि तिचा चेहरा पडदाभर मोठा केला.

उजेड आता हनुवटीच्या खालून येत होता. सूर्य कधी कुणाला खालून उजळत नाही. पिवळा उजेड, खाली डाव्या गालाशी दाट, वर कपाळाकडे विरत गेलेला. पुढच्या क्षणी तो हलेल असं वाटत होतं. आणि असा उजेड मी कुठं पाहिला हे मला आठवलं. पाहिला म्हणजे शेकडो वेळा पाहिलेला.

माझ्या धंद्याचा एक भाग असा आहे की त्याचा बोर्ड कुणी लावत नाही. घरात कुणी गेलं की लोक माझ्याकडं येतात. लग्नाच्या घोळक्यातला, आधार कार्डावरचा, मिळेल तो फोटो आणतात. मी त्यातून माणूस वेगळा काढतो, मोठा करतो, काचेच्या फ्रेममध्ये बसवतो. फ्रेम लावायलाही मीच जातो, कारण लोक वाकडी लावतात. आमच्या वस्तीत फ्रेमपुढं मेणबत्ती लागते, रघुनाथरावांच्या भावकीत दिवा लागतो. उजेड एकच. खालून, एका अंगानं, पिवळा.

आणि त्यात नाकाची सावली नसते, कारण कागदाला नाक नसतं.

तो उजेड माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर पडलेला नव्हता. तिच्या फोटोवर पडलेला होता.

मी उठलो आणि पाणी प्यायलो. कारणं शोधायची सवय अंगात मुरलेली. पुन्हा बसलो आणि काचेवरचं प्रतिबिंब, सेन्सरवरचा डाग, माझं वय, सगळं मांडून पाहिलं. एकही टिकलं नाही. उरला तो एकच विचार. ज्या फोटोपुढं मेणबत्ती लागलेली आहे तो फोटो कुणीतरी काढलेला असणार. काचेतून हसणारी, सरळ लेन्सकडं बघणारी प्रज्ञा. तो मीच काढत होतो. दर चार दिवसांनी धुऱ्यावर उभा राहून, खांबाची सावली टाळत टाळत, मी तो अधिकाधिक चांगला काढत होतो.

५

फोटोच नसेल तर फ्रेम कशाची करणार? हा विचार डोक्यात आला आणि मला पहिल्यांदा बरं वाटलं.

संगणकातले सगळे फोटो पुसले. हार्ड डिस्क हातोडीनं फोडली. प्रज्ञाला फोन केला आणि सांगितलं, मी पाठवलेले सगळे फोटो मोबाइलमधून काढून टाक, आजच्या आज.

"काहून?"

"काहून नको विचारू. माझी शपथ आहे."

मग म्हणाली, "बरं पप्पा. काढते."

घरी पुष्पा बाजारात गेलेली होती. कपाट उघडलं. नामकरणाचा अल्बम, शाळेचे ग्रुप फोटो, दहावीचा सत्कार, दीक्षाभूमीवर माझ्या खांद्यावर बसलेली चार वर्षांची प्रज्ञा. तो शेवटचा हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. त्यात उजेड अगदी बरोबर होता. दसऱ्यानंतरचं तिरपं ऊन, दोघांच्याही चेहऱ्यावर एकाच बाजूनं. मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपात सगळं टाकलं आणि काडी लावली.

पुष्पा पिशवीसकट धावत आली. तोवर कागद वाकडे होऊन काळे पडत होते. तिनं पिंपात हात घातला, मी तो धरून ठेवला.

"पागल झाले का तुमी? लेकराचे फोटो जाळून राहिले? जितं लेकरू आहे ते!"

"जितं राहावं म्हणूनच जाळून राहिलो," मी म्हणालो.

तिला ते कळलं नाही, आणि मला समजावता आलं नाही. तिनं खाली बसून अशी रडारड केली, जशी माणूस गेल्यावर करतात. शेजारच्या दोघी-तिघी धावत आल्या. त्या दिवसापासून पुष्पा माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. मला त्याचं दुःख होतं, पण त्याहून सुटका मोठी होती. उभ्या घरात माझ्या मुलीचा एकही फोटो उरला नव्हता.

६

त्यानंतर तीन दिवसांनी मेसेज आला. "निघून राहिली, पप्पा."

कॅमेरा दुकानात कुलूपबंद करून मी रिकाम्या हातानं धुऱ्यावर गेलो. न जाऊन कसं चालेल? फोटो नाही तर नाही, पोरगी तरी डोळ्यांनी बघावी. सकाळ स्वच्छ होती. ऊन डाव्या खांद्यामागं, खांबांच्या सावल्या आखून दिल्यासारख्या. असल्या उजेडात हातात कॅमेरा नाही याची मला, त्या परिस्थितीतसुद्धा, चुटपुट लागली.

रूळ वाजू लागले. वळणावरून हिरवं इंजिन आलं. पुढच्या काचेत ड्रायव्हर, त्याच्या शेजारी ती. मी हात वर केला.

ती हसत होती. डाव्या गालावर, खालून, तो पिवळा उजेड होता. कॅमेरा नव्हता, लेन्स नव्हती, पडदा नव्हता. माझे स्वतःचे डोळे होते. आणि उजेड हलत होता.

तिनं हात वर केला नाही. मानही वळवली नाही. धावत्या गाडीतला माणूस तुमच्याकडं बघतो तेव्हा त्याची मान वळत जाते, डोळे फिरत जातात. तिचे फिरले नाहीत. तरी इंजिन समोर येऊन पुढं निघून जाईपर्यंत ती माझ्याकडंच बघत होती. फोटोतला माणूस बघतो तशी. खोलीत कुठंही बसा, त्याची नजर तुमच्यावरच असते. तिच्या मागं केबिनची राखाडी भिंत असायला हवी होती. तिथं निळा रंग होता. आमच्या पुढच्या खोलीला मीच दिलेला.

मग डबेच डबे गेले. मी ते मोजले नाहीत, नुसता उभा राहिलो.

दुपारी नागपूरहून तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, हसरा. "पप्पा, आज तुमी रिकामेच आले होते ना? मी किती हात केला! तुमी त पुतळ्यासारखे उभे. हात बी नाई केला."

"केला बेटा," मी म्हणालो.

"नाई केला. मी तुमच्याकडेच पाहून राहिली होती."

नेटवर्क नाही असं सांगून मी फोन ठेवला.

७

आमचं घर लायनीपासून दोनशे पावलांवर आहे. दोन्ही बाजूंनी गाड्या, दर आठ-दहा मिनिटांनी फडताळातली भांडी वाजतात. पाहुण्यांना झोप येत नाही, आम्हाला ऐकूही येत नाही.

आठवड्यानं, संध्याकाळी, दुकान लवकर बंद करून घरी आलो. प्रज्ञाचा मेसेज चारला आलेला होता. या खेपेला दिवस मावळायच्या आत तिची गाडी इकडून जाणार होती. मी धुऱ्यावर गेलो नाही. माझ्यात ती हिंमत उरली नव्हती.

पुढच्या खोलीत पाय ठेवला आणि दारातच थांबलो.

निळ्या भिंतीवर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या डाव्या बाजूला, एक नवी फ्रेम लागली होती. हिरव्या इंजिनाच्या काचेत हसणारी प्रज्ञा. डिसेंबरातला पहिला फोटो, तिच्या चेहऱ्यापर्यंत जवळ आणलेला. तसबिरींपुढच्या स्टुलावर पुष्पानं वंदनेची मेणबत्ती लावली होती, आणि तिचा उजेड फ्रेमवर खालून, उजव्या अंगानं पडत होता. प्रज्ञाच्या डाव्या गालावर.

"पाहा," पुष्पा म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं बघून बोलत होती. "पोरीनं मलेच पाठवला होता. म्हणे, पप्पाले सांगू नको, त्याहीचा राग गेला की लावजो. सौसरले जाऊन करून आणला. इथले सारे तुमच्या ओळखीचे ना. आता हा नाई जाळू देत मी तुमाले."

मी फ्रेमकडं बघत राहिलो. मग मला हसू आलं. खरंच आलं, पोटातून. म्हणजे हे होतं तर! रोजची वंदनेची मेणबत्ती, बुद्धापुढं लावलेली, शेजारच्या फोटोवर उजेड पाडणारी. मी कुणाच्या मरणाचा उजेड पाहिला नव्हता. एका आईनं जिवंत मुलीचा फोटो हौसेनं भिंतीवर लावला, तो पाहिला होता. एवढ्यासाठी मी दोन महिने झोपलो नाही, लेकराचे नामकरणाचे फोटो जाळले. मी मटकन खुर्चीत बसलो आणि डोळे पुसले. पुष्पाही हसू लागली. म्हणाली, "बाप आहे का कोण आहे!"

किती वेळ तसे बसलो कोण जाणे. बाहेर दिवस मावळला. मेणबत्ती अर्ध्यावर आली. आणि मला हळूहळू जाणवलं की आपण बोलतो आहोत, हसतो आहोत, आणि मध्ये कशानंच बोलणं तुटलेलं नाही. भांडी वाजलेली नव्हती. मी घड्याळ पाहिलं. मी आल्यापासून पाऊण तास झाला होता. इकडून नाही, तिकडून नाही, एकही गाडी गेलेली नव्हती.

मी दारात जाऊन उभा राहिलो. दूरवर, नागपूरच्या बाजूचा सिग्नल लाल होता. आमल्याच्या बाजूचाही लाल होता. फाटकापाशी लोक जमून लायनीकडं बघत होते. कुणी पळत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. कुणाला काही ठाऊक नसावं.

प्रज्ञाला फोन लावला. बंद. ड्यूटीवर बंदच असतो, मी स्वतःला सांगितलं.

आत आलो आणि पुष्पा काही बोलायच्या आत फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

"अहो! ते काहून विझवली?"

धुराची रेघ वर गेली. खोलीत अंधार झाला. निळी भिंत दिसेना, बुद्धाची तसबीर दिसेना, बाबासाहेबांची दिसेना. प्रज्ञाचा डावा गाल दिसत होता. पिवळा, खालून उजळलेला, जरासा हलणारा. ती माझ्याकडं बघून हसत होती.

पुष्पा चाचपडत ट्यूबच्या बटणाकडं जात होती. तिची भिंतीकडं पाठ होती.

"आज गाड्या लेट दिसून राहिल्या," ती म्हणाली. "प्रज्ञाले उशीरच होईन. चहा मांडू का?"

मी म्हणालो, मांड.